ॲना मे वाँग

ॲना मे वाँग (जन्म : ३ जानेवारी १९०५, लॉस एंजेलस, मृत्यू : ३ फेब्रुवारी १९६१, सांता मोनिका, कॅलिफोर्निया) या चिनी वंशाच्या अमेरिकन चित्रपट व नाट्य अभिनेत्री होत्या. हॉलिवूडमध्ये तारकापदास पोहोचलेल्या त्या पहिल्या चिनी-अमेरिकन अभिनेत्री होत. मूकपट, बोलपट, रंगभूमी, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या सर्व माध्यमांत त्यांनी काम केले. त्यांची कारकीर्द सुमारे चार दशकांची असून त्यांच्या चित्रपटांची संख्या पन्नासहून अधिक आहे. 'द टोल ऑफ द सी' (१९२२), 'द थीफ ऑफ बगदाद' (१९२४), 'पिकॅडिली' (१९२९) आणि 'शांघाय एक्सप्रेस' (१९३२) हे त्यांचे विशेष उल्लेखनीय चित्रपट होत. चिनी जीवनावरील भव्य अमेरिकन चित्रपटांतही प्रमुख चिनी भूमिका गोऱ्या कलावंतांना देण्याच्या तत्कालीन प्रथेमुळे त्यांना आपल्या योग्यतेची कामे मिळाली नाहीत. 'द गुड अर्थ' या चित्रपटातील नायिकेची भूमिका त्यांच्या हातून गेली, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

नाव व कुटुंब

त्यांचे चिनी नाव वाँग लिऊ त्सोंग. चिनी पद्धतीप्रमाणे यात आडनाव आधी येते. त्या आडनावाच्या अक्षराचा अर्थ 'पिवळा' असा असून पुढील दोन अक्षरांत वाळुंजाचे झाड आणि हिमकण यांचा निर्देश आहे. घरातले इंग्रजी नाव ॲना होते. अकरा वर्षांच्या असताना त्यांनी घरचे नाव, 'मे' हा शब्द आणि आडनाव जोडून आपले पडद्यावरचे नाव स्वतःच तयार केले.

वडील वाँग सॅम सिंग हे धुलाईचा व्यवसाय करीत. आई ली गॉन टॉय ही त्यांची दुसरी पत्नी. सात भावंडांत ॲना दुसऱ्या. मूळ घराणे दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांतातील ताइशान परिसरातले होते. परंतु आजोबा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात व्यापारासाठी आले होते आणि ॲना यांचे आईवडील दोघेही अमेरिकेतच जन्मले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे आयुष्यभर वृत्तपत्रे त्यांचा उल्लेख 'पूर्वेकडून आलेली' असाच करीत राहिली.

जन्माने नागरिकत्व असले तरी कायदा त्यांना पूर्ण नागरिक मानत नव्हता. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी केली होती व तो १९४३ पर्यंत अमलात होता. परिणामी अमेरिकेत जन्मलेल्या चिनी वंशाच्या व्यक्तीलाही परदेशी जाण्यापूर्वी आपण याच देशात जन्मलो, हे सिद्ध करणारा विशेष अर्ज भरावा लागे. तसे न केल्यास परतीच्या वेळी बंदरावर अडवले जाण्याची भीती असे. जगभर छायाचित्रे छापली जात असतानाही वाँग यांना प्रत्येक परदेशवारीपूर्वी हा अर्ज भरावा लागला. ते अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही पाहावयास मिळतात.

मूकपटांतील प्रारंभ

सार्वजनिक शाळेत वर्गातील मुलांनी वंशावरून छळ केल्यामुळे वडिलांनी मुलींना तेथून काढून चिनी मुलांच्या मिशन शाळेत घातले. याच सुमारास चित्रपट-निर्मितीचे केंद्र न्यूयॉर्कहून लॉस एंजेलसकडे सरकत होते आणि चिनी वस्तीच्या गल्ल्यांत चित्रीकरणे होऊ लागली होती. डब्याचे पैसे तिकिटावर खर्च करून, शाळा बुडवून ॲना चित्रपट पाहत. चित्रीकरणाच्या जागी घुटमळणाऱ्या या मुलीला स्टुडिओतली मंडळी 'जिज्ञासू चिनी पोर' म्हणत. वडिलांना हा नाद मुळीच मान्य नव्हता.

१९१९ मध्ये 'द रेड लँटर्न' या चित्रपटासाठी चिनी स्त्रियांचा मोठा जमाव हवा होता. वडिलांच्या ओळखीच्या एका नटाच्या मदतीने चौदा वर्षांच्या ॲना त्या जमावात कंदील घेऊन उभ्या राहिल्या. दोन वर्षे अशीच जमावातली कामे केल्यावर १९२१ मध्ये त्यांनी शाळा कायमची सोडली. त्याच वर्षी 'बिट्स ऑफ लाइफ' या चित्रपटात लॉन चेनी यांच्या पत्नीची भूमिका मिळाली आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव प्रथमच झळकले.

सतराव्या वर्षी लाभलेली 'द टोल ऑफ द सी' मधील लोटस फ्लॉवर ही त्यांची पहिली प्रमुख भूमिका. टेक्निकलरच्या आरंभीच्या दोनरंगी प्रक्रियेत चित्रित झालेल्या या चित्रपटाचे कथानक फ्रान्सिस मेरियन यांनी 'मादाम बटरफ्लाय' च्या धर्तीवर रचले होते. गोऱ्या पुरुषावर प्रेम करणारी चिनी तरुणी अखेरीस आपले मूल त्याच्या गोऱ्या पत्नीच्या स्वाधीन करते आणि समुद्राला सामोरी जाते. कथा ठरीव ठशाची आहे; मात्र वाँग यांचा अभिनय आज पाहतानाही जुना वाटत नाही. मूकपटातील हातवाऱ्यांचा अतिरेक त्यांच्याकडे नाही. डोळ्यांत पाणी येते ते सावकाश, आणि चेहरा जवळजवळ निश्चल राहतो.

डग्लस फेअरबँक्स यांच्या 'द थीफ ऑफ बगदाद' मध्ये त्यांनी राजकन्येच्या महालातील मंगोल दासीची भूमिका केली. भूमिका लहान होती. परंतु चित्रपट जगभर गाजला आणि त्याबरोबर हा चेहराही. हिंदुस्थानात त्या दशकातील अत्यंत लोकप्रिय विदेशी चित्रपटांत त्याची गणना होते, तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकांना वाँग यांचे पहिले दर्शन याच चित्रपटातून घडले असावे. (साबू यांची भूमिका असलेला याच नावाचा १९४० चा ब्रिटिश बोलपट वेगळा.) त्याच वर्षी 'पीटर पॅन' मध्ये त्यांनी टायगर लिलीची भूमिका केली. चिनी पुराणकथांवर चित्रपट काढण्यासाठी स्वतःची निर्मितिसंस्था स्थापन करण्याचाही प्रयत्न त्यांनी १९२४ मध्ये केला. भागीदाराचे व्यवहार गैर निघाल्याने ती लगेच मोडली.

युरोपातील वर्षे

पुढील चार वर्षांत नर्तकी, दासी, कटकारस्थानी स्त्री अशा दुय्यम भूमिकांपलीकडे काही मिळेना, तेव्हा १९२८ मध्ये वाँग युरोपात गेल्या. दिग्दर्शक रिखार्ड आइखबर्ग यांच्या 'साँग' या चित्रपटात त्यांना नायिकेची भूमिका मिळाली आणि बर्लिनच्या समीक्षकांनी त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी त्यांची भेट घेऊन एका साहित्यविषयक साप्ताहिकात लेख लिहिला. वाँग यांनी जर्मन व फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. १९३० मध्ये आइखबर्ग यांचाच एक बोलपट इंग्रजी, जर्मन व फ्रेंच या तीन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला, तेव्हा तिन्ही आवृत्त्यांत नायिका त्याच होत्या. ध्वनिमिश्रणाची सोय नसलेल्या त्या काळात हे केवढे कष्टाचे काम असेल, याची कल्पना करता येते.

ई. ए. ड्युपाँ दिग्दर्शित 'पिकॅडिली' हा ब्रिटिश मूकपट त्यांच्या कारकिर्दीतील श्रेष्ठ मानला जातो. लंडनच्या एका नृत्यगृहात भांडी घासणारी शोशो हळूहळू तेथील प्रमुख नर्तकी बनते आणि मालकाच्या मनाचा ताबा घेते. श्रेयनामावलीत पहिले नाव गिल्डा ग्रे यांचे असले तरी चित्रपट वाँग यांचाच आहे, याविषयी दुमत नाही. विशेषतः स्वयंपाकघरातील टेबलावर चढून शोशो इतर मोलकरणींपुढे नाचते, तो प्रसंग आवर्जून पाहावा.

युरोपात भूमिका मोठ्या मिळाल्या. शेवट मात्र बदलले नाहीत. 'साँग' मध्ये नायिका मरते, 'पिकॅडिली' मध्ये शोशोचा खून होतो. पुढील चित्रपटांतही तेच. 'डॉटर ऑफ द ड्रॅगन', 'जावा हेड', 'लाइमहाउस ब्लूज', 'डेंजरस टु नो' या प्रत्येकात त्यांच्या पात्राला मृत्यू येतो, बहुधा आत्महत्येने. गोरा पुरुष आणि आशियाई स्त्री यांचे मीलन पडद्यावर दाखवायचे नाही आणि कथेत प्रेम तर हवे, हा पेच पटकथाकार स्त्रीला मारून सोडवीत. आपल्याला पडद्यावर सारखे मरावे लागते, असे वाँग स्वतः उपहासाने म्हणत.

रंगभूमी

१९२९ मध्ये लंडनला बेसिल डीन यांनी 'द सर्कल ऑफ चॉक' हे नाटक वाँग यांना नायिका म्हणून घेऊन रंगमंचावर आणले. त्यांच्यासमवेत नायकाच्या भूमिकेत तरुण लॉरेन्स ऑलिव्हिए होते. एका प्राचीन चिनी नाटकावरून जर्मन कवी क्लाबुंड याने हे नाटक रचले होते. एका मुलावर दोन स्त्रिया आई म्हणून हक्क सांगतात, आणि न्यायाधीश खडूच्या वर्तुळात मूल ठेवून निवाडा करतो, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. हीच कथा पुढे बर्टोल्ट ब्रेख्त याने 'कॉकेशियन चॉक सर्कल' मध्ये वापरली आणि ब्रेख्तवरून चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिले. विजया मेहता यांनी सादर केलेला त्याचा प्रयोग ज्यांनी पाहिला, त्यांना वाँग यांच्या लंडनमधील नाटकाचे कथाबीज निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

लंडनच्या समीक्षकांनी वाँग यांच्या रूपाची व हालचालींतील डौलाची स्तुती केली, पण उच्चारांची खिल्ली उडवली. चिनी नायिकेच्या तोंडून अमेरिकन हेल ऐकून त्यांना धक्का बसला होता. लॉस एंजेलसमध्ये जन्मलेल्या व्यक्तीने आणखी कसे बोलावे, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणास पडला नाही. वाँग यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या खर्चाने उच्चारशिक्षकाकडे शिकवणी लावून ब्रिटिश वळणाचे इंग्रजी आत्मसात केले. त्यांच्या नंतरच्या बोलपटांत ऐकू येणारा खालच्या पट्टीतला, तोलून टाकलेला आवाज ही या मेहनतीची कमाई आहे. त्यानंतर व्हिएन्नात एका संगीतिकेत त्यांनी जर्मन भाषेत भूमिका केली.

१९३० च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एडगर वॉलेस यांच्या 'ऑन द स्पॉट' या नाटकात त्यांनी काम केले. त्याचे १६७ प्रयोग झाले. तालमींच्या वेळी दिग्दर्शकाने 'मादाम बटरफ्लाय' पद्धतीचे जपानी हावभाव करण्यास सांगितले असता त्यांनी ते नाकारले आणि चिनी चालीरीतींनुसार भूमिका उभी केली. अमेरिकन प्रेक्षकाला हा फरक कळणार नव्हता. वाँग यांना कळत होता. हे नाटक चालू असतानाच, नोव्हेंबर १९३० मध्ये, लॉस एंजेलसच्या घरासमोर मोटारीची धडक बसून त्यांच्या आईचे निधन झाले.

१९३७ मध्ये वेस्टपोर्ट येथील उन्हाळी नाट्यगृहात त्यांनी व्हिन्सेंट प्राइस यांच्यासमवेत 'तुरांदोत' नाटकात राजकन्येची भूमिका केली. याखेरीज अनेक भाषांतील गाणी व नाट्यप्रवेश यांचा एकपात्री कार्यक्रम घेऊन त्या युरोपभर आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियातही फिरल्या. चित्रपट नसतील त्या काळात हा कार्यक्रमच त्यांच्या उदरनिर्वाहाचा आधार होता.

पॅरामाउंट आणि 'शांघाय एक्सप्रेस'

पॅरामाउंट कंपनीशी करार करून वाँग हॉलिवूडला परतल्या, आणि पहिलीच भूमिका आली ती फू मांचू या काल्पनिक खलनायकाच्या मुलीची. 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' (१९३१) या चित्रपटासाठी त्यांना ६,००० डॉलर व जपानी नट सेस्यू हायाकावा यांना १०,००० डॉलर मिळाले. चेहरा रंगवून फू मांचू झालेले स्वीडनमध्ये जन्मलेले नट वॉर्नर ओलंड चित्रपटात थोडाच वेळ दिसतात. त्यांना १२,००० डॉलर देण्यात आले. चित्रपटाच्या नावातील 'कन्या' म्हणजे स्वतः वाँग, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांवर भाष्य करण्याची गरज उरत नाही.

जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'शांघाय एक्सप्रेस' मध्ये त्यांनी मार्लिन डीट्रिच यांच्या सहप्रवासिनीची, हुइ फेइची, भूमिका केली. यादवी युद्ध चाललेल्या चीनमध्ये पेकिंगहून शांघायला निघालेली आगगाडी बंडखोर अडवतात. त्यांचा म्होरक्या हुइ फेइवर अत्याचार करतो आणि ती त्याला खंजिराने ठार करते. संवाद मोजके, बराच काळ ती डब्यात पत्ते मांडत बसलेली दिसते. तरीही डीट्रिच पडद्यावर असताना नजर वाँग यांच्याकडे वळते. इथे त्यांचे पात्र मरत नाही, मारते. आणि बक्षिसाची रक्कम घेऊन शांतपणे फलाटावरून निघून जाते.

चीनमध्ये मात्र या चित्रपटाविरुद्ध तीव्र संताप उसळला. राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी वाँग यांच्यावर चिनी स्त्रीची बदनामी केल्याचा आरोप ठेवला. १९३३ मध्ये लंडनच्या 'फिल्म वीकली' या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी हाच प्रश्न उलट बाजूने मांडला : पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खुनी, कपटी, विश्वासघातकी का असावा? पाश्चात्त्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आमची संस्कृती त्यांना कधी दिसत नाही काय? त्यांच्या त्या बोलण्याचा आशय असा होता.

'द गुड अर्थ'

पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ' या कादंबरीवर मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनी चित्रपट काढणार, हे जाहीर झाल्यापासून ओलान या शेतकरीण नायिकेची भूमिका करण्याची वाँग यांची उत्कट इच्छा होती. त्यापूर्वी याच कंपनीने 'द सन-डॉटर' (१९३२) मधील चिनी नायिकेसाठी त्यांची चाचणी घेऊन भूमिका हेलन हेज यांना दिली होती. वाँग चिनी भूमिकेसाठी 'फारच चिनी' दिसतात, असे कारण सांगितले गेल्याचे नमूद आहे.

'द गुड अर्थ' च्या नायकपदी पॉल म्यूनी या गोऱ्या नटाची निवड झाली आणि वाँग यांचा मार्ग बंद झाला. हॉलिवूडने १९३० मध्ये स्वीकारलेल्या व १९३४ पासून काटेकोरपणे राबवलेल्या निर्मितिसंहितेत आंतरवंशीय संबंध दाखवण्यास मनाई होती. संहितेच्या शब्दांत केवळ गोरे व काळे यांचा उल्लेख होता, पण व्यवहारात ती आशियाई कलावंतांनाही लावली जाई. चेहरा रंगवलेला गोरा नट आणि खरी चिनी नटी यांना पतिपत्नी म्हणून दाखवणे निर्मात्यांना धोक्याचे वाटे. दोन्ही पात्रे चिनी आहेत, ही गोष्ट या तर्कशास्त्रात बसत नव्हती. कॅलिफोर्नियात त्या वेळी गोरे व आशियाई यांच्या विवाहास कायद्यानेच बंदी होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९४८ मध्ये रद्द केली.

ओलानची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रायनर यांना मिळाली आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर पुरस्कारही लाभला. वाँग यांच्या सांगण्यानुसार त्यांना लोटस या नायकाला नादी लावणाऱ्या दुसऱ्या पत्नीची भूमिका देऊ करण्यात आली. सर्व प्रमुख चिनी पात्रे गोरे कलावंत करणार आणि त्यातली एकमेव वाईट भूमिका तेवढी चिनी रक्ताच्या स्त्रीने करावी, हे त्यांना मान्य झाले नाही. त्यांनी नकार दिला. रायनर यांचा अभिनय वाईट नाही. परंतु वाँग यांची ओलान कशी झाली असती, हा प्रश्न चित्रपट पाहताना सुटत नाही.

चीनची यात्रा

जानेवारी १९३६ मध्ये वाँग पूर्वजांचा देश प्रथमच पाहण्यासाठी निघाल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील धाकट्या मुलांना घेऊन गावी परतले होते. प्रवासवर्णनपर लेख त्या अमेरिकन वृत्तपत्रांसाठी लिहीत होत्या. वाटेत जपानमध्ये वार्ताहरांनी विवाहाविषयी विचारले असता, आपला विवाह कलेशी झाला आहे, असे त्या म्हणाल्या. इंग्रजीत कलेला 'आर्ट' म्हणतात व ते पुरुषाचे नावही असते. दुसऱ्या दिवशी तेथील वृत्तपत्रांनी वाँग यांचे आर्ट नावाच्या धनाढ्य कँटनी गृहस्थाशी लग्न झाल्याचे छापले. (त्या अखेरपर्यंत अविवाहित राहिल्या.)

शांघायमध्ये लेखक-मुत्सद्द्यांच्या वर्तुळात त्यांचा सत्कार झाला; पण वडिलांच्या मुलखात जमावाने विरोधी घोषणाही दिल्या. घरी ताइशान बोली बोलणाऱ्या वाँग यांना उत्तरेत मँडरिन समजत नसे, म्हणून दुभाष्या लागे. पेकिंगला काही महिने राहून त्यांनी ती भाषा आणि चिनी रंगभूमी यांचा अभ्यास केला. स्त्रीभूमिकांसाठी चीनमध्ये बालगंधर्वांसारखीच कीर्ती लाभलेले नट मेइ लानफांग यांची व त्यांची भेट आदल्या वर्षी लंडनमध्ये झाली होती. अमेरिकेत आपण फार चिनी ठरलो आणि चीनमध्ये फार अमेरिकन, हे दुःख या काळात त्यांनी बोलून दाखवले आहे.

परतल्यावरचे चित्रपट कमी खर्चाचे होते, पण भूमिका बदलल्या. 'डॉटर ऑफ शांघाय' (१९३७) मध्ये वडिलांच्या खुनाचा छडा लावणारी तरुणी त्यांनी साकारली. नायक फिलिप आन हे कोरियन वंशाचे अमेरिकन नट. चित्रपटाच्या शेवटी नायक-नायिका विवाहाचे बोलतात आणि दोघेही जिवंत असतात. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. 'किंग ऑफ चायनाटाउन' (१९३९) मध्ये त्या शल्यचिकित्सक झाल्या.

युद्धकाळ व उत्तरायुष्य

जपानच्या आक्रमणानंतर वाँग यांनी चीनच्या मदतकार्याला वाहून घेतले. पोशाखांचा लिलाव केला, चिनी पाककृतींच्या एका पुस्तकाला निधिसंकलनार्थ प्रस्तावना लिहिली, 'बॉम्ब्ज ओव्हर बर्मा' व 'लेडी फ्रॉम चुंगकिंग' या चित्रपटांचे मानधन मदतनिधीस दिले. असे असूनही १९४३ मध्ये मादाम च्यांग काय-शेक हॉलिवूडला आल्या तेव्हा तेथील भव्य स्वागतसोहळ्याचे निमंत्रण वाँग यांना नव्हते.

युद्धानंतर कामे तुरळक झाली. मद्यपानाने प्रकृती खालावली आणि यकृताचा विकार जडला. १९५१ मध्ये ड्युमाँट वाहिनीवर 'द गॅलरी ऑफ मादाम लिऊ-त्सोंग' ही मालिका प्रसारित झाली. वाँग यांचेच चिनी नाव धारण करणारी कलावस्तूंची व्यापारी त्यात गुन्ह्यांचा शोध लावते. आशियाई वंशाची अमेरिकन व्यक्ती प्रमुख भूमिकेत असलेली ही अमेरिकेतील पहिली दूरचित्रवाणी मालिका. तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही.

१९६० मध्ये लाना टर्नर यांच्या 'पोर्ट्रेट इन ब्लॅक' मधून त्या चित्रपटांत परतल्या, तीही घरकाम पाहणाऱ्या नोकराणीच्या भूमिकेत. बहुतांश आशियाई कलावंत असलेल्या 'फ्लॉवर ड्रम साँग' मध्ये त्यांची निवड झाली होती. परंतु चित्रीकरणात भाग घेण्यापूर्वीच सांता मोनिका येथील राहत्या घरी झोपेत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ५६ वर्षांचे होते. त्यांच्या अस्थी लॉस एंजेलसमधील आईच्या थडग्यात ठेवण्यात आल्या.

मरणोत्तर

निधनाच्या आदल्या वर्षी हॉलिवूडच्या 'वॉक ऑफ फेम' वर त्यांच्या नावाची चांदणी बसवण्यात आली होती. त्याच मार्गाच्या पश्चिम टोकाला १९९४ मध्ये उभारलेल्या मंडपाच्या चार खांबांवर चार अभिनेत्रींच्या धातुमूर्ती आहेत. डोलोरेस देल रिओ, डॉरथी डँड्रिज व मे वेस्ट यांच्यासमवेत चौथी मूर्ती वाँग यांची. आशियाई-अमेरिकन समाजातील समीक्षक अनेक वर्षे त्यांच्याविषयी काहीसे कठोर होते; 'ड्रॅगन लेडी' आणि 'नाजूक फुलपाखरू' या दोन ठोकळेबाज प्रतिमा त्यांच्याच चित्रपटांनी रूढ केल्या, असा आक्षेप होता. त्यांच्या मुलाखती, पत्रे व युरोपातील चित्रपट अभ्यासकांना उपलब्ध होऊ लागले आणि 'पिकॅडिली' ची दुरुस्त प्रत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पुन्हा प्रदर्शित केली, तेव्हापासून हे मत बरेच बदलले.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने काढलेल्या पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची मुद्रा आहे. अमेरिकन चलनावर स्थान मिळालेल्या त्या पहिल्या आशियाई-अमेरिकन व्यक्ती होत. नाण्यावरील चित्रात त्यांनी हनुवटी हातावर टेकवली असून भोवती नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावरील दिव्यांची माळ आहे.